सूर मारताना पोहण्याचा गॉगल का निसटतो? पट्टा आवळू नका, मान सांभाळा

डिलाईल रोड (मुंबई) : पोहण्याच्या शर्यतीत इशारा होतो, पोरं ब्लॉकवरून सूर मारतात, आणि वर येतात तेव्हा एखाद्याचा गॉगल डोळ्यांवरून उतरून तोंडावर आलेला असतो. गेल्या वर्षी जिल्ह्याच्या शालेय स्पर्धेत माझ्या मुलीचं हेच झालं. चौदा वर्षांची पोर, पाठीला प्लॅस्टिकचा कॅन बांधून आमच्या विहिरीत पोहायला शिकलेली. 50 मीटरची शर्यत. मध्येच थांबली, गॉगल नीट केला आणि शेवटून दुसरी आली. घरी आल्यावर म्हणाली, "पप्पा, मी आता शर्यतीत उतरणार नाही."

मी काय केलं? पट्टा आणखी आवळून दिला. त्यानं तिचं डोकं दुखायला लागलं, डोळ्यांभोवती वळ उठले, आणि गॉगल पुन्हा निसटला तो निसटलाच.

दिवाळीच्या सुट्टीत तिला घेऊन आक्काकडं डिलाईल रोडला गेलो. कागदावर आता ना. म. जोशी मार्ग, पण गिरणीत गेलेल्या आपल्या गावाकडच्या माणसांच्या तोंडात अजून डिलाईल रोडच. भावोजींचे वडील गिरणीतच होते. आक्काचा मुलगा काही वर्षं दादरला शिवाजी पार्कच्या महात्मा गांधी जलतरण तलावात पोहतोय. त्यानं चाळीच्या पॅसेजमध्ये, पाण्याचा थेंब नसताना, आम्हाला सगळं समजावलं. आपल्या तालुक्यातल्या पोरांना उपयोग होईल म्हणून इथं लिहितोय.

गॉगल टिकतो कशावर?

भाचा म्हणाला, "मामा, गॉगल पट्ट्यावर नाही, आतल्या हवेच्या ओढीवर टिकतो." हे आपल्याला लगेच कळेल. सक्शन पाईपला कुठं चीर असेल तर मोटार पाणी ओढत नाही, मग बाकीचे नटबोल्ट कितीही आवळा. आणि वायसर जास्त आवळला तर सुरकुततो आणि तिथूनच गळती लागते. गॉगलच्या कडेच्या रबराचंही तसंच आहे. पट्टा फक्त गॉगल जागेवर धरतो.

म्हणून विकत घेताना दुकानातच बघा. चेहरा कोरडा ठेवा, पट्टा न लावता गॉगल डोळ्यांवर हलका दाबा आणि हात सोडा. दोन-तीन सेकंद चिकटून राहिला तर माप बरोबर. लगेच पडला तर नाकावरची पट्टी लहान-मोठी करून बघा, नाहीतर दुसरा घ्या. लहान पोरांना मोठ्यांचा गॉगल बसत नाही.

घालायची पद्धत

1. शर्यतीच्या दिवशी डोक्याला खोबरेल तेल नको, डोळ्यांभोवती क्रीम नको. आमची चूक इथंही होती. आजी सकाळी चापून-चोपून तेल लावून वेणी घालायची. तेलानं रबर चिकटत नाही आणि टोपीही सरकते.

2. गॉगल आधी डोळ्यांवर बसवा, मग पट्टा मागं न्या. पट्टा ताणून डोळ्यांसमोर सोडू नका. सटकून डोळ्याला इजा होऊ शकते.

3. पट्टे दोन असतील तर दोन्ही एकावर एक ठेवू नका. डोक्याच्या मागं जो फुगीर भाग आहे, त्याच्या वर एक आणि खाली एक ठेवा.

4. पट्ट्यावरून टोपी घाला, म्हणजे पाण्याला पट्टा पकडता येत नाही. मोठ्या स्पर्धेत काही जण एक टोपी, त्यावर गॉगल आणि वर दुसरी टोपी घालतात.

5. ब्लॉकवर चढण्याआधी दोन्ही काचा तळव्यानं हलक्या दाबा. केसांची बट रबराखाली अडकलेली नाही ना, ते बघा.

खरी गोम मानेत

एवढं करूनही गॉगल निसटत असेल तर सूर तपासा. ब्लॉक पाण्यापासून 50 ते 75 सेंटिमीटर उंच असतो. तिथून झेप घेताना पोरगं समोर बघत राहिलं, हनुवटी वर राहिली, तर पाणी थेट तोंडावर आदळतं. गॉगलची वरची कड त्यात सापडते आणि गॉगल खाली ओढला जातो.

आधी हात पाण्यात जायला हवेत, एका तळव्यावर दुसरा तळवा. दंड कानांना घट्ट चिकटलेले, डोकं त्यांच्या मध्ये, हनुवटी छातीकडं. हातांनी जिथं पाणी फोडलं त्याच भोकातून डोकं, कंबर, पाय गेले पाहिजेत. विहिरीत मुटका मारायची सवय असलेल्या पोरांना हे जड जातं. माझ्या मुलीनं आठ दिवस पॅसेजमध्ये भिंतीला पाठ लावून नुसते हात वर करून मान आत घ्यायचा सराव केला.

सुराचा सराव मात्र खोल पाण्यात, शिकवणाऱ्यासमोरच करा. नियमानं ब्लॉकसमोर किमान 1.35 मीटर पाणी लागतं. तळ माहीत नसलेल्या विहिरीत, बंधाऱ्यात डोक्यावर सूर नको. आणि गॉगल घालून विहिरीचा तळ गाठायची पैज तर नकोच. खोल गेल्यावर पाण्याच्या दाबानं गॉगल डोळ्यांवर रुततो.

तरीही निसटला तर?

थांबायचं नाही, हात लावायचा नाही. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये 200 मीटर बटरफ्लायला मायकल फेल्प्सच्या गॉगलमध्ये पाणी भरलं. शेवटी त्याला भिंतही दिसत नव्हती. किती हात मारले की भिंत येते हे पाठ होतं, त्या मोजणीवर तो पोहला आणि 1 मिनिट 52.03 सेकंदांचा विश्वविक्रम करून सुवर्ण घेतलं. त्याच ऑलिंपिकमध्ये आपल्या कोल्हापूरचा वीरधवल खाडेही उतरला होता. पुढं 2010 च्या आशियाई स्पर्धेत त्यानं 50 मीटर बटरफ्लायला कांस्य मिळवलं.

म्हणून सरावात कधीकधी गॉगल न घालता पोहायचं आणि आपले हात मोजायचे. माझ्या मुलीला 50 मीटरला किती हात लागतात ते आता तिला पाठ आहे.

पोहून झालं की गॉगल साध्या पाण्यात धुवा, सावलीत वाळवा, काच आतून बोटानं पुसू नका. पट्ट्याला चिरा दिसल्या तर बदला. पिशवीत वापरून सैल-घट्ट करून ठेवलेला दुसरा गॉगल असू द्या. कोरा गॉगल शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका.

गावी परतल्यावर तिनं जिल्ह्याच्या तलावात दहा सूर मारले. दोनदा गॉगलमध्ये पाणी शिरलं, पण तोंडावर एकदाही आला नाही. पट्टा पूर्वीपेक्षा सैल आहे. यंदाच्या स्पर्धेचा फॉर्म तिनं स्वतःच भरलाय.