नोकरी तळेगावात, प्लॉटही तळेगावात

तळेगाव एमआयडीसीतल्या जनरल मोटर्सच्या कारखान्याबद्दल आलेल्या बातम्या तारखांनिशी एका ओळीत मांडल्या, तर मावळातल्या माणसाने पैसा कुठे ठेवावा या प्रश्नाचं बरंचसं उत्तर त्यातच मिळतं. २००८ मध्ये कारखाना सुरू झाला. मे २०१७ मध्ये कंपनीने भारतातली विक्री थांबवत असल्याचं जाहीर केलं आणि तळेगावात फक्त निर्यातीचं काम उरलं. जानेवारी २०२० मध्ये चीनची ग्रेट वॉल मोटर्स कारखाना घेणार अशी घोषणा झाली. जूनमध्ये राज्य सरकारबरोबर ३,७७० कोटी रुपयांचा सामंजस्य करारही झाला. त्याच सुमारास गलवानमध्ये भारत-चीन सैनिकांची चकमक झाली आणि चिनी गुंतवणुकीची परवानगी अडकून पडली. डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन थांबलं आणि २०२२ च्या मध्यावर ग्रेट वॉलचा व्यवहार बारगळला. सप्टेंबर २०२२ मध्ये, ज्याच्यासाठी तळेगावचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं, तो वेदांता-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर प्रकल्प गुजरातकडे वळला. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉनने त्या भागीदारीतूनच अंग काढून घेतलं. पुढच्या महिन्यात ह्युंदाईने जनरल मोटर्सचा कारखाना घेण्याचा करार केला आणि २०२५ मध्ये तिथून पुन्हा गाड्या बाहेर पडू लागल्या. या काळात तालुक्याचं नशीब कागदावर कितीदा तरी उघडलं आणि कितीदा तरी मिटलं. गलवानच्या खोऱ्यातली चकमक तळेगावच्या पगारपत्रकापर्यंत पोचेल हे कोणत्याही एजंटला, पुढाऱ्याला किंवा पत्रकाराला आधी सांगता आलं नव्हतं.

अशा ठिकाणी सावध गुंतवणूक म्हणजे बातमी इतरांच्या आधी कळणं, असा समज आहे. मला तो घातक वाटतो. कारखाना बंद पडला तेव्हा हजाराहून जास्त कामगारांची नोकरी गेली. असं होतं तेव्हा फटका फक्त पगाराला बसत नाही. वडगाव, तळेगाव, कान्हे फाटा इथे भाड्याने राहणारी कामगार कुटुंबं खोल्या सोडतात आणि घरमालकाचं भाडं तुटतं. नवीन गिऱ्हाईक फिरकत नाही, म्हणून प्लॉट विकायला काढला तरी उठत नाही. कामगाराने पगारावर कर्ज काढून तळेगावातच फ्लॅट घेतलेला असतो, शिल्लक टाकून पाच-सात मैलांवर प्लॉट घेतलेला असतो, आणि कंपनीने दिलेला मेडिक्लेम नोकरीबरोबरच संपतो. चारही आधार एकाच बातमीवर उभे असतात. या कुटुंबाने चार ठिकाणी पैसा लावला असं दिसत असलं, तरी खरं तर तो एकाच ठिकाणी लावलेला असतो. म्हणून ज्याचा पगार मावळातून येतो त्याने आपली पुढची शिल्लक मावळाबाहेर ठेवावी, असं माझं म्हणणं आहे.

याला पहिला आक्षेप इथल्या मातीतूनच येतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला, त्याआधी ज्यांनी उर्से, सोमाटणे, कामशेतच्या बाजूला जमिनी घेतल्या त्यांचं सोनं झालं, मग जमीन वाईट कशी? जमीन वाईट नाही. पण ती उदाहरणं नीट पाहिली तर त्यातले बरेच जण मुळात जमीनधारक होते. त्यांना विकायची घाई नव्हती, कर्जाचा हप्ता नव्हता, चुलीवर इंद्रायणी तांदूळ घरचाच होता. वीस वर्षं थांबणं त्यांना परवडलं. वीस हजारांचा हप्ता भरणाऱ्या नोकरदाराला तेवढं थांबता येत नाही, आणि जमिनीत परतावा मिळतो तो मुख्यतः थांबण्यातून. शिवाय ज्यांचे व्यवहार फसले त्यांची नावं चहाच्या टपरीवर कोणी घेत नाही, त्यामुळे आपल्याला फक्त जिंकलेल्यांचीच यादी ऐकू येते.

आज ‘गुंतवणूक’ म्हणून जे विकलं जातं त्याचा कागद जवळून पाहावा. डोंगरउतारावर चुन्याच्या रेघा मारून एक-एक गुंठ्याचे, म्हणजे १,०८९ चौरस फुटांचे तुकडे पाडलेले असतात. विसार घेऊन साठेखत होतं, कधी नुसतं कुलमुखत्यारपत्र. सातबारा मात्र सामायिक राहतो आणि त्यावर दहा-बारा अनोळखी हिस्सेदारांची नावं दिसतात. ‘इतर हक्क’ या रकान्यात सोसायटीचा बोजा, कुळाची नोंद किंवा पुनर्वसनाचा शेरा असू शकतो. जमीन वर्ग दोनची असली तर परवानगीशिवाय विकताच येत नाही. शेतजमीन घ्यायला घेणारा स्वतः शेतकरी असावा लागतो, हे प्लॉट दाखवणारा सहसा शेवटी सांगतो. तुकडेबंदी कायदा १९४७ पासून आहे. २०२५ मध्ये सरकारने शहरी भागातल्या जुन्या तुकड्यांना दिलासा द्यायचं ठरवलं. त्याचा आधार घेऊन ‘सगळं नियमित होणार आहे’ असं नव्या गिऱ्हाइकाला सांगणं सरळ फसवणूक आहे, कारण तो दिलासा होऊन गेलेल्या व्यवहारांसाठी होता. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या आणि आठपेक्षा जास्त प्लॉटच्या योजनेला महारेराची नोंदणी लागते. ती आहे की नाही हे मोबाइलवर पाहता येतं. हे सगळं चोख असलं तरी मुद्रांक शुल्क आणि नोंदणीत सहा-सात टक्के आधीच जातात, आणि रात्री दवाखान्यात भरायला पैसे लागले तर प्लॉटचा कोपरा मोडून देता येत नाही.

लोणावळ्यात कारखान्याच्या जागी शनिवार-रविवार आहेत, बाकी हिशेब तोच. चिक्कीचं दुकान, टॅक्सी, भाड्याचा बंगला, हॉटेलातली नोकरी हे सगळं मुंबई-पुण्याहून येणाऱ्या गाड्यांवर चालतं. मार्च २०२० मध्ये त्या गाड्या एका रात्रीत थांबल्या. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाच्या वरच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यानंतर ऐन पावसाळ्यात पर्यटनस्थळांवर निर्बंध आले, आणि माणसांचे जीव पाहता ते यायलाच हवे होते. खोपोली ते कुसगाव या नव्या जोडरस्त्यामुळे प्रवासी थांबतील की सरळ पुढे निघून जातील यावर लोणावळ्यात दोन्ही बाजूंनी तावातावाने बोललं जातं. दुकानदाराने त्या वादावर दुसऱ्या बंगल्याचं कर्ज काढू नये, एवढंच मला म्हणायचं आहे. वाद त्याच्या मनासारखा सुटला तर दुकानाला फायदा होणारच आहे. उलटा गेला तर दुकान आणि बंगला दोन्ही एकदम बसतील.

मग पैसा कुठे ठेवायचा? तळेगावचं उत्पादन थांबलं त्या डिसेंबर २०२० मध्ये सेन्सेक्स तोवरच्या उच्चांकावर, ४६ हजारांच्या वर होता. म्हणजे ज्याची नोकरी गेली त्याच्याकडे देशभरच्या कंपन्यांमध्ये विखुरलेला साधा इंडेक्स फंड असता, तर पैसे मोडण्याची वेळ बाजाराच्या दृष्टीने चांगली ठरली असती. पण त्याच वर्षी १४ जानेवारीला ४१,९५२ वर बंद झालेला सेन्सेक्स २३ मार्चला २५,९८१ वर आला होता. ज्याला मार्चमध्ये पैसे काढावे लागले त्याचं नुकसान कायमचं झालं, ज्याला थांबता आलं त्याचं नोव्हेंबरपर्यंत भरून आलं. त्यामुळे शेअर बाजारात जायचं ते सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत बाजूला ठेवल्यावरच, आणि किमान सात-आठ वर्षं लागणार नाहीत अशाच पैशांनी. मोबाइलवरचं फ्युचर्स-ऑप्शन्स हा वेगळाच प्रकार आहे. सेबीच्या २०२४ च्या अहवालानुसार तीन वर्षांत अशा व्यवहारांत उतरलेल्या दर शंभर व्यक्तींपैकी ९३ जणांनी पैसे घालवले. कारखान्यातल्या तरुण पोरांच्या फोनवर ते ॲप पाहिलं की मला काळजी वाटते.

ठेवी महागाईपुढे हरतात, हा दुसरा आक्षेप खरा आहे. २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर ६.५ वरून ५.२५ टक्क्यांवर आणला, त्याबरोबर ठेवींचं व्याजही उतरलं. पण सहा महिन्यांच्या खर्चाची रक्कम वाढण्यासाठी नसते, मागितल्या दिवशी हातात येण्यासाठी असते. एक-दीड टक्का जास्त व्याजासाठी ती पतसंस्थेत टाकणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की पतसंस्थेच्या ठेवींना ठेव विमा नाही. बँकेत तो फेब्रुवारी २०२० पासून व्याजासह पाच लाखांपर्यंत आहे. विमा असला तरी वाट पाहावी लागू शकते. पुण्याच्या रुपी बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आले आणि २०२२ मध्ये परवाना रद्द झाला. मधली वर्षं ठेवीदारांनी कशी काढली असतील याचा विचार करावा. म्हणून ही रक्कमसुद्धा दोन बँकांत असावी.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: पंचवीस-तीस हजार पगारात वाटून ठेवायला उरतं काय? थोडं उरतं, पण जे आहे त्यातलं एक ठिकाण आधीच मावळाबाहेर आहे, ते म्हणजे भविष्य निर्वाह निधी. २०२४-२५ साठी त्यावर ८.२५ टक्के व्याज होतं. कारखाना बंद पडला तरी तो बुडत नाही. आणि नेमका तोच पीएफ ‘जागेसाठी’ म्हणून काढून प्लॉटमध्ये घातला जातो, म्हणजे बातमीच्या बाहेर असलेला एकुलता एक पैसा पुन्हा बातमीत नेऊन ठेवला जातो. राहायला घर नसेल तर तो काढणं समजू शकतं, दुसऱ्या जागेसाठी काढू नये. पगार २१ हजारांच्या वर गेला की ईएसआयचं कवच राहत नाही. तेव्हा कंपनीचा मेडिक्लेम असला तरी कुटुंबाचा स्वतःचा आरोग्य विमा नोकरी चालू असतानाच, प्रकृती ठीक असतानाच घ्यावा. नोकरी गेल्यावर किंवा आजार निघाल्यावर तो महाग मिळतो किंवा मिळत नाही. पुणे रिंग रोडच्या भूसंपादनाचा मोबदला ज्यांच्या खात्यात येतो त्यांचा प्रश्न रकमेने मोठा आहे, स्वरूपाने हाच. पैसा आल्या आठवड्यात शेजारच्या गावातली जमीन दाखवणारे दारात येतात. त्यांना सहा महिन्यांनी या म्हणून सांगावं, आणि तोवर रक्कम दोन-तीन बँकांच्या मुदत ठेवीत, घरातल्या बाईचं नाव खात्यावर घालून ठेवावी.