कोल्हापुरी चपलेचं ऑनलाइन दुकान, पण दृष्टिहीन ग्राहकाला ऐकू येतं फक्त ‘इमेज’. कायदा काय सांगतो?

चपला विकणारी एखादी वेबसाइट मोबाइलवर उघडा. सेटिंगमध्ये जाऊन ‘टॉकबॅक’ सुरू करा आणि डोळे मिटा. (बंद करताना एकदा स्पर्श करून मग दोनदा टॅप करावं लागतं, आधीच सांगून ठेवलेलं बरं.) बोट फिरवत गेलात की बऱ्याच साइटवर ऐकू येईल, "इमेज... इमेज... बटण." चप्पल कापशी की कुरुंदवाडी, रंग कोणता, बटण खरेदीचं की रद्द करण्याचं, काहीच कळणार नाही.

दृष्टिहीन ग्राहक मोबाइल असाच वापरतात. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या या सोयीला स्क्रीन रीडर म्हणतात. फोटोमागे वर्णनच लिहिलेलं नसेल, तर तो तरी काय वाचणार?

"पण हे नियम सरकारी वेबसाइटसाठी असतात ना?" नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ च्या कलम ४६ नुसार सेवा देणाऱ्या सरकारी आणि खासगी, दोघांनाही नियम लागू झाल्यापासून दोन वर्षांत आपली सेवा सुगम करायची होती. नियम आले जून २०१७ मध्ये, म्हणजे मुदत २०१९ लाच संपली. कायद्यातल्या ‘खासगी आस्थापना’त कंपनी, फर्म, ट्रस्ट, सहकारी संस्था सगळे येतात. सहकारी संस्था म्हटल्यावर कोल्हापुरात कोण सुटतंय? पहिल्या उल्लंघनाला १० हजारांपर्यंत दंड आहे, त्यानंतर ५० हजार ते ५ लाख.

२०२२ मध्ये मूळचे नागपूरचे दृष्टिहीन वकील राहुल बजाज यांच्या प्रॅक्टो ॲपविरुद्धच्या तक्रारीत दिव्यांगांसाठीच्या मुख्य आयुक्तांनीही हेच सांगितलं: खासगी कंपनी म्हणून सुटका नाही.

मग सुप्रीम कोर्ट. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून यांना बँक खातं उघडताना केवायसीसाठी कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करायला सांगितलं गेलं. हल्ल्यातल्या इजेमुळे त्यांना ते शक्यच नव्हतं. त्यांची आणि दृष्टिहीन वकील अमर जैन यांची याचिका एकत्र ऐकून कोर्टाने ३० एप्रिल २०२५ ला निकाल दिला: डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. सोबत केवायसी सुगम करण्यासाठी २० निर्देशही दिले.

मराठी साइटची वेगळीच गोची

इंग्रजी साइटवर नसलेल्या दोन अडचणी आपल्याकडे आहेत. पहिली जुन्या फॉन्टची. युनिकोडऐवजी जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दिसतो देवनागरी, पण आत असतात इंग्रजी अक्षरं. स्क्रीन रीडर तीच वाचतो आणि कानावर पडतो निव्वळ गोंधळ. दुसरी, पानाच्या कोडमध्ये भाषा ‘मराठी’ अशी नोंदवलेलीच नसते. मग इंग्रजी आवाज मराठी वाचायला जातो.

आणि सगळ्यात जास्त त्रास देणारी सवय म्हणजे भाव, साइजचा तक्ता, सणाची ऑफर, सगळं एका रंगीत पोस्टरवर छापून टाकणं. डिझायनरला मस्त वाटतं, पण तो फोटोच आहे. तेच भाव खाली मजकुरात लिहिले तर खर्च शून्य. फोटोचं वर्णनही एका ओळीचं काम: ‘तपकिरी कापशी चप्पल, चामड्याची वेणी, पुरुषांसाठी’.

बाकी गोष्टी डेव्हलपरकडून करून घ्या. आयएस १७८०२ हे भारतीय मानक त्याला सांगा. फिकट करड्या अक्षरांचा मोह टाळा, मजकूर आणि पार्श्वभूमीत किमान ४.५ : १ इतका फरक लागतो. फक्त चित्र ओळखायला लावणारा कॅप्चा नको. व्हिडिओला सबटायटल द्या, कर्णबधिर ग्राहकही असतात.

युरोपात माल विकणाऱ्यांसाठी आणखी एक: २८ जून २०२५ पासून तिथला सुगमता कायदा ऑनलाइन दुकानांना लागू झाला आहे. दहापेक्षा कमी माणसांच्या, मर्यादित उलाढालीच्या सेवा व्यवसायांना सूट आहे. आपल्या कलम ४६ मध्ये मात्र छोट्यांसाठी अशी सूट नाही.

तुम्ही ग्राहक असाल आणि साइट वापरताच येत नसेल, तर आधी दुकानदाराला लेखी कळवा. दाद मिळाली नाही तर राज्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे, म्हणजे पुण्याला, किंवा दिल्लीत मुख्य आयुक्तांकडे तक्रार करता येते. अडलं कुठे ते दाखवणारं स्क्रीन रेकॉर्डिंग, आवाजासकट, सोबत जोडा.