फोटो उजळा, पण माणूस पुसू नका!

मोबाइलमध्ये फोटो हजारोंनी असतात. पण भिंतीवर लावायला एखादा हवा असला, की धड एक सापडेल तर शपथ! मी तालुक्याच्या गावी एका फोटो स्टुडिओत एडिटिंगचं काम करते. बारसं, डोहाळजेवण, मुंज, साठीशांत, सगळ्यांचे फोटो माझ्या कॉम्प्युटरवरून जातात. आणि ‘अगंबाई, मोबाइलवर तर किती छान दिसत होता!’ हे वाक्य मी रोज ऐकते. तर घरच्या घरी एवढं करून फोटो स्टुडिओत न्या, म्हणजे असं म्हणायची वेळ यायची नाही.

सगळ्यात आधी, फोटो मूळचा हवा. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो आकाराने लहान होऊन येतो. स्क्रीनशॉटचंही तेच. म्हणून ज्याने फोटो काढला त्याच्याकडूनच मागून घ्या आणि ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. नाहीतर सरळ पेन ड्राइव्हवर घ्या.

आता थोडं गणित. घाबरू नका, भिशीच्या हिशेबाइतकंच सोपं आहे. छान छपाईसाठी एका इंचात ३०० पिक्सेल, म्हणजे रंगाचे ठिपके, धरतात. ४ बाय ६ इंचांच्या फोटोला १२०० बाय १८०० पिक्सेल लागतात, ८ बाय १० ला २४०० बाय ३०००. मोबाइलमध्ये फोटोच्या ‘डिटेल्स’मध्ये हा आकडा दिसतो. १२ मेगापिक्सेलचा मूळ फोटो साधारण ४००० बाय ३००० असतो, म्हणजे तो ८ बाय १० ला आरामात पुरतो. भिंतीवरची मोठी फ्रेम आपण लांबून बघतो, तिथे इंचाला १५० सुद्धा चालून जातात.

दुसरं म्हणजे कापाकापी. मोबाइलच्या फोटोची ठेवण बहुधा ४ : ३ असते आणि ४ बाय ६ च्या कागदाची ३ : २. त्यामुळे आडव्या फोटोत वरचा-खालचा मिळून नववा हिस्सा जातोच. मागच्या रांगेतल्या उंच भाऊजींचं डोकं उडतं ते असं! फोटो काढतानाच चारही बाजूंना थोडी जागा सोडा.

तिसरं, उजेड. मोबाइलचा पडदा स्वतः उजळतो, कागद मात्र समोरून पडलेल्या उजेडावर दिसतो. म्हणून छापल्यावर फोटो काळपट वाटतो. फोनचा ब्राइटनेस निम्म्यावर आणून फोटो बघा. अंधारलेला वाटला तर थोडा उजळा, थोडाच. पिवळ्या बल्बखाली काढलेला असेल तर कुणाची पांढरी टोपी नाहीतर पांढरं लुगडं बघून रंग सुधारा. पांढरं पांढरं दिसलं, की चेहरेही बरोबर दिसतात.

आणि आता खरी गोष्ट. ‘ताई, जरा गोरी करून द्या ना!’ लग्नाच्या मुलीचा फोटो असो की गेलेल्या सासूबाईंचा, ही मागणी ठरलेली. गालावरून ब्रश फिरवला की दोन मिनिटांत चेहरा भाहुलीसारखा गुळगुळीत. पण मग तो चेहरा कुणाचा?

मागे एकदा एक काकू आईच्या वर्षश्राद्धासाठी फोटो मोठा करायला आल्या. सोबत त्यांची वहिनी. वहिनी म्हणाली, ‘‘सुरकुत्या काढा, कपाळावरचं ते गोंदणही काढून टाका, स्वच्छ दिसेल.’’ काकू इतका वेळ गप्प होत्या. हळूच म्हणाल्या, ‘‘गोंदण राहू द्या हो. लहानपणी आईच्या मांडीवर झोपून मी त्याच्यावर बोट फिरवायचे.’’ वहिनी काहीच बोलली नाही. मी फोटोवरची धूळ आणि ओरखडे तेवढे काढले, मागची पिवळी भिंत जरा शांत केली. गोंदण तसंच ठेवलं.

तेव्हापासून मी सगळ्यांना एकच नियम सांगते. आठ दिवसांत जाणारं ते काढा, जन्माचं ते ठेवा. मुरुम, घामाची चकाकी, पदरावरचा डाग जाऊ द्या. तीळ, सुरकुत्या, अंगचा सावळा रंग राहू द्या. फोनचा ‘ब्यूटी मोड’ही फोटो काढतानाच बंद ठेवा. त्याने पुसलेले बारकावे मागाहून आणता येत नाहीत.

काही लहान गोष्टीही लक्षात ठेवा. मूळ फोटो तसाच ठेवून त्याच्या कॉपीवर काम करा. तोच फोटो पुन्हा पुन्हा सेव्ह केला की दर्जा घसरत जातो. जुना कागदी फोटो असेल तर तो ६०० डीपीआयवर स्कॅन करून घ्या. स्कॅनर नसेल तर खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, फोन फोटोच्या अगदी समांतर धरून टिपा. काचेखाली लावायचा असेल तर मॅट कागद मागा, चकाकी कमी राहते. आणि मोठी प्रिंट काढण्याआधी एक लहान प्रिंट काढून बघा. थोडक्या पैशांत मोठा खर्च वाचतो.

येत्या सुट्टीत निदान वीस फोटो निवडा आणि छापून घ्या. अल्बममध्ये प्रत्येकाखाली नाव आणि साल लिहा. नातवंडं विचारतील, ‘‘ही कोण गं?’’ तेव्हा उत्तर तिथेच असेल आणि चेहराही खरा असेल.