मंडळीच्या दारातील पायरी

पंडिता रमाबाई यांनी १९१२ च्या सुमारास गुलबर्ग्यात, म्हणजे आजच्या कलबुर्गीत, जी ख्रिस्ती शाळा काढली, तिची धुरा त्यांची कन्या मनोरमाबाई यांनी सांभाळली. याच मनोरमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अंध मुलींना ब्रेल, म्हणजे बोटांनी वाचावयाची उठावदार ठिपक्यांची लिपी, शिकविली. असा वारसा असताना बिदर-कलबुर्गीच्या मंडळींनी दिव्यांगांना केवळ प्रार्थनेचा विषय मानणे अपुरे आहे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येत धार्मिक वापराच्या वास्तूही घेतल्या आहेत. चर्चच्या पायऱ्या एक फूट उंच असतील, तर चाकाच्या खुर्चीसाठी बारा फूट लांबीचा उतार लागतो. हे काम एखाद्या गवंड्याच्या आवाक्यातले आहे. मेथडिस्ट परंपरेत प्रभुभोजन वेदीच्या कठड्यापाशी गुडघे टेकून घेतात; कुबड्या घेऊन येणाऱ्यास ते जमत नसल्यास पाळकांनी भाकर व प्याला त्याच्या जागेवर नेल्याने विधीला कसलाही उणेपणा येत नाही.

अवघड आहे ते मनातले. अपंगत्व हे आईबापांच्या पापाचे फळ, ही समजूत योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात येशूने स्वतःच खोडून काढली असली, तरी ती अजून कुजबुजली जाते आणि मतिमंद मुलाची आई उपासनेत मागच्या बाकावर, दाराजवळ बसते. अशा आईला तासभर मोकळीक मिळावी म्हणून मुलाजवळ बसणारे कोणी नेमणे, आणि देशभर चालणाऱ्या दिव्यांग ओळखपत्राचा अर्ज भरून देणे, ही कामे मंडळीच्या महिला व तरुण संघांनी येत्या रविवारपासूनच हाती घ्यावीत.