तंबोऱ्याची घोडी बदलताना

तंबोऱ्याची घोडी झिजली की बहुतेक जण आधी मालाबद्दल विचारतात: हाडाची घ्यावी, लाकडाची की फायबरची? माझ्या मते त्याआधी घोडीची पाठ पाहायला हवी. तुलनेला बास गिटार घ्या: तिच्या ब्रिजवर तार एका अरुंद कडेवर टेकते आणि तिची उंची स्क्रूने कमी-जास्त करता येते. तिथे स्क्रूची भोके आणि तारांमधले अंतर जुळले की निम्मे काम झाले. तंबोऱ्याच्या घोडीची पाठ मात्र रुंद आणि किंचित उतरती असते. छेडलेली तार त्या उतारावर टेकत-सुटत राहते, तारेखालचा सुताचा दोरा नेमक्या जागी सरकवला की स्वर खुलतो. हीच जवारी. भौतिकशास्त्रज्ञ चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी 1921 साली याचे शास्त्र मांडले. तार जिथे छेडावी तिथे ज्यांचा स्थिर बिंदू पडतो ते स्वरांश उमटू नयेत, असा नियम आहे; तंबोऱ्यात आणि वीणेत ते स्पष्ट उमटतात, आणि त्याचे कारण घोडीची घडण आहे.

मग माल गौणच का, असे जाणकार विचारतील. गौण नाही, पण दुसऱ्या क्रमांकाचा नक्कीच. मऊ मालात तार लवकर चर पाडते आणि जवारी उतरते. कठीण मालावर ती अधिक काळ टिकते. पूर्वी त्यासाठी हस्तिदंत आणि सांबरशिंग वापरत. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातल्या पुढच्या दुरुस्त्यांनी तो मार्ग बंद केला, आणि ते योग्यच झाले. आज उंटाचे हाड, लाकूड, फायबर यांवर काम चालते. पण उत्तम हाडाची पाठही चुकीची घासली तर तार बसकी बोलते किंवा नुसती झणझणते, आणि साध्या लाकडावर जाणत्या हाताने कानस फिरवली तर तंबोरा भरून वाजतो.

तो जाणता हात मिरजेत आहे. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात तिथे तंतुवाद्ये घडवायला सुरुवात केली. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. नागपूरजवळच्या खापरखेड्यासारख्या गावाहून मिरज म्हणजे राज्याचे दुसरे टोक, म्हणून तयार घोडी टपालाने मागवावी असे वाटणे स्वाभाविक आहे. अडचण अशी की घोडीचे पाय त्याच वाद्याच्या तबलीच्या, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणाच्या, फुगवट्यावर बसवावे लागतात आणि जवारी तारा चढवून, ऐकत-घासतच काढावी लागते. हे वाद्य समोर नसताना होत नाही. तेव्हा पैसे घोडीच्या मालावर कमी आणि कारागिराच्या वेळेवर जास्त खर्च करा. तंबोराच त्याच्याकडे न्या, आणि जुनी घोडी टाकून न देता मापासाठी सोबत ठेवा.