वारंवार निखळणारा खांदा : दोन शस्त्रक्रियांची तुलना

उन्हाळ्यात मोहफुले व तेंदूपाने, पावसाळ्यात धानाची रोवणी. गोंडपिपरी परिसरातील कष्टकऱ्यांचा संसार हातांवर चालतो. झाडावरून वा दुचाकीवरून पडून निखळलेला खांदा बसविता येतो; परंतु काहींचा, विशेषतः तरुणांचा, खांदा पुनःपुन्हा निखळतो. मग भारा डोक्यावर घेण्याचीही धास्ती वाटते. अशा वेळी कुटुंबीय आम्हांस विचारतात, "साहेब, दुर्बिणीचं ऑपरेशन चांगलं, की मोठं?" आम्ही प्रशासनातील माणसे, निर्णय शल्यविशारदांचाच. तथापि त्यामागील विचार सर्वांस समजावा, यासाठी हे टिपण.

खांद्याची खोबण बशीसारखी उथळ असते. तिच्या काठाभोवतीची मऊ कडा व अस्थिबंध हाडाचा गोळा जागी धरून ठेवतात. खांदा बहुधा पुढे निखळतो आणि त्या बाजूची कडा फाटते. ब्रिटिश शल्यविशारद बँकार्ट यांनी १९२३ साली या इजेकडे लक्ष वेधले. म्हणून ती कडा पुन्हा हाडाशी शिवण्याच्या शस्त्रक्रियेस त्यांचे नाव आहे. आज ती बहुधा दोन-तीन लहान छिद्रांतून, दुर्बिणीच्या साहाय्याने होते. हाडात बसविलेल्या छोट्या 'अँकर'च्या दोऱ्यांनी कडा बांधली जाते. जखम लहान असते आणि सांध्याची मूळ रचना कायम राहते.

मात्र वारंवार निखळून खोबणीचे हाडच झिजले असेल, तर केवळ शिवण टिकत नाही. बांधच वाहून गेल्यावर वर माती लिंपून काय उपयोग? अशा रुग्णांसाठी फ्रान्समधील लातार्जे यांनी १९५४ साली मांडलेली पद्धत उपयोगी पडते. खांद्याच्या पुढील चोचीसारख्या हाडाचा तुकडा, त्यास जोडलेल्या स्नायूंसह, खोबणीच्या काठावर स्क्रूने बसवितात. हाडाची भर पडते आणि हात वर नेताना ते स्नायू पट्ट्याप्रमाणे आधार देतात. यानंतर खांदा पुन्हा निखळण्याचा संभव कमी असतो. परंतु जवळच्या नसेस इजा होणे, हाड न जुळणे वा स्क्रूचा त्रास होणे, हे धोके अधिक असतात.

म्हणून लहान जखम म्हणजे उत्तम शस्त्रक्रिया, असे समीकरण नाही; आणि खर्चावरूनही निवड करू नये. हिशेबाच्या वहीत अँकर स्क्रूपेक्षा महाग दिसतात, पण चुकीची निवड झाल्यास दुसरी शस्त्रक्रिया आणि दुसरा बुडालेला हंगाम पदरी येतो. हाडाची झीज सीटी स्कॅनने मोजून, रुग्णाचे वय व काम पाहून निर्णय होतो.

कुटुंबीयांस दोन विनंत्या. खांदा निखळल्यास चोळू वा ओढू नये. हात झोळीत बांधून त्वरित रुग्णालयात आणावे. तसेच शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे हात झोळीत राहतो, व्यायाम अनेक महिने चालतो आणि जड कामास साधारण चार ते सहा महिने लागतात. रोवणी वा कापणी जवळ असल्यास ते डॉक्टरांना आधीच मोकळेपणाने सांगावे.

देणगीदारांचे लक्ष आम्ही याच व्यायामाकडे वेधू इच्छितो. यंत्रावर दात्याचे नाव कोरता येते, रुग्णाच्या बसभाड्यावर येत नाही. परंतु व्यायामासाठी तो परत येऊ शकला नाही, तर उत्तम शस्त्रक्रियाही अपुरी राहते. उपचाराचा हा उत्तरार्धही आपल्या औदार्यास पात्र आहे, अशी आमची नम्र धारणा आहे.