'गाईज' म्हटलं तर त्यात आपण आलो का?

मागच्या आठवड्यात एका बचत गटाच्या सचिव ताई आपल्या केंद्रावर आल्या होत्या. त्यांची मुलगी शहरात कंपनीत कामाला लागलीय. सुट्टीला घरी आली, तर फोनवर मीटिंग सुरू. साहेब आपले सारखे 'गाईज, गाईज' करतायत. ताई मला म्हणाल्या, "मीटिंगमध्ये पुरुष दोनच होते, बाकी सगळ्या पोरी. मग हा गाईज कुणाला म्हणतो? माझी पोरगी त्यात धरायची का नाही?"

ताईंचा हा प्रश्न इंग्रजी बोलणाऱ्या बायकाही विचारत आल्यात.

मुळात अडचण अशी, की इंग्रजीत तू, तुम्ही, आपण या सगळ्यांना मिळून एकच शब्द, 'यू'. समोर एक बाई असो नाहीतर आख्खी ग्रामसभा. पूर्वी असं नव्हतं. एकाला 'दाऊ' म्हणजे तू, आणि अनेकांना 'यी' किंवा 'यू'. मग मोठ्या माणसाला मान म्हणून एकट्यालाही 'यू' म्हणायची रीत पडली, आपण सासऱ्यांना तुम्ही म्हणतो तशीच. हळूहळू सगळेच 'यू' झाले आणि 'दाऊ' मागे पडला. सतराव्या शतकात इंग्लंडात क्वेकर नावाचा एक धर्मपंथ होता. देवापुढे सगळे सारखे, म्हणून ते न्यायाधीशालाही 'तू'च म्हणत. लोकांना त्याचा फार राग येई. एका शब्दात किती मानपान असतो बघा!

आता 'तुम्ही सगळे' म्हणायला शब्दच उरला नाही. मग लोकांनी आपापल्या भागात तो घडवला. अमेरिकेच्या दक्षिणेत 'यॉल' म्हणतात, म्हणजे यू आणि ऑल एकत्र. आयर्लंडमध्ये जुना 'यी' अजून आहे आणि 'यूझ'ही चालतो. हा यूझ स्कॉटलंडमध्ये आणि ऑस्ट्रेलियातही ऐकू येतो. पिट्सबर्ग शहरात 'यिन्झ'. शाळेत हे शब्द अशुद्ध म्हणून खोडले जातात. मला विचाराल तर भाषेत भोक पडलं होतं, ते लोकांनी शिवलं. आपल्या वऱ्हाडी, अहिराणीलाही असंच नाक मुरडतात ना?

आता गाईज. १६०५ साली लंडनच्या पार्लमेंटखाली दारूगोळा ठेवून ते उडवण्याचा कट होता. त्यावर राखण करताना जो पकडला गेला, त्याचं नाव गाय फॉक्स. आपली गोठ्यातली गाय नव्हे! पुढे दर ५ नोव्हेंबरला त्याचा पुतळा जाळायची रीत पडली. त्या पुतळ्याला 'गाय' म्हणू लागले, मग गबाळ्या कपड्यातल्या माणसाला, आणि अमेरिकेत पुढे कुठल्याही पुरुषाला. गेल्या शतकात घोळक्यातल्या बायकांनाही त्यातच धरू लागले. आपल्या कॉलेजातल्या पोरी एकमेकींना 'अरे' म्हणतात, तसं काहीसं.

पण एक गंमत करून बघा. 'हे गाईज' अशी हाक मारली की बायका त्यात येतात. 'दुकानात दोन गाईज आले' म्हटलं, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यापुढे पुरुषच उभे राहतात. म्हणजे शब्द अजून पुरता सगळ्यांचा झालेला नाही. म्हणूनच बरेचजण आता मुद्दाम 'यॉल', 'फोक्स' किंवा 'एव्हरीवन' म्हणतात. लंडनच्या भुयारी रेल्वेनं २०१७ साली 'लेडीज अँड जंटलमन' सोडून 'एव्हरीवन' घेतलं, आणि २०१९ मध्ये एअर कॅनडा या विमान कंपनीनंही तेच केलं. प्रत्येक प्रवाशाला ती हाक आपली वाटावी म्हणून.

आपल्याकडे 'तुम्ही आलात' म्हटलं की बाई-पुरुष दोघं त्यात येतात. 'मंडळी' म्हटलं की सगळेच, आणि शब्द बाईच्या अंगाचा असूनही पुरुष त्यात निमूट बसतात. तरी भोंग्यावर 'ग्रामस्थ बंधूंनो, सभेला या' अशी हाक आली, की कितीजणी म्हणतात, "यांना जाऊ दे, आपलं काय काम?" घरकुलाची यादी त्याच सभेत वाचली जाते. ग्रामसेवकांना एकदा जाऊन सांगा, की 'ग्रामस्थ बंधू-भगिनींनो' म्हणा. नाहीतर सरळ 'गावकरी मंडळी'.

आणि गट बघायला इंग्रजी बोलणारे पाहुणे आले, तर 'सर, मॅडम' करत कुणाला आधी म्हणू याचा घोर नको. 'गुड मॉर्निंग, एव्हरीवन' एवढं खणखणीत म्हणायचं. पाहुण्यांत बाई असो, पुरुष असो, एक असो की दहा. हो, एकच पाहुणा असला तर मात्र 'एव्हरीवन' नको, नुसतं 'गुड मॉर्निंग'!

ताईंच्या मुलीला आम्ही केंद्रावरूनच फोन लावला. ती म्हणाली, "आई, मला गाईजचं काही वाटत नाही. पण मीटिंग मी घेते तेव्हा मी 'टीम' म्हणते." ताई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मीटिंग ही घेते? हे मला सांगितलंच नव्हतं!"